चेपलेली टोपी

अण्णा,

सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा दूध बघायला, एकदा दाराची कडी बघायला, तिसऱ्यांदा उगाचच. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "स्वल्प बूड टेक गं." नाही टेकत, काय करू! त्या चेपलेल्या टोपीचं तुमच्याशी बोलायचं राहून गेलं. तुम्ही गेलात त्या वयाच्याही मी आता पुढे गेलेय.

बेंगळूरच्या राजाजीनगरातल्या आपल्या घराची पुढची खोली. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तुम्ही परवाना काढलात आणि कॉफीच्या मळेवाल्यांची पितळी काडतुसं पुन्हा भरून द्यायला लागलात. प्रेस तुम्ही स्वतः बनवलेली. दांडा ओढला की काडतुसाच्या बुडातली जळकी टोपी टक् करून निघते आणि खाली लावलेल्या सायकलच्या ट्यूबमधून पाण्याच्या डब्यात पडते. पाणी अशासाठी, की आतली राख उडू नये. विषारी असते ती. हात घासून धुतल्याशिवाय इडलीला शिवायचं नाही, अशी तुमची ताकीद. मी तेवीस वर्षांची घोडी, लग्न जमेना म्हणून तुमच्या शेजारी बसून टोप्या बसवणारी, आणि तुम्ही माझी नखं तपासताय! अस्सा राग यायचा. बार पेटतो तो या इवल्याशा टोपीमुळे. नवी टोपी गुळगुळीत. जळकी मधोमध चेपलेली, बंदुकीचा खिळा तिच्यावर एकदा बसलेला, ती पुन्हा पेटत नाही. तुमची नजर अधू झाली होती, म्हणून भरलेल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून तुम्ही अंगठा फिरवायचात. जळकी टोपी टेबलावर दिसली की काम बंद, सगळं झाडून काढायचं आणि मगच पुढचं काडतूस घ्यायचं.

त्या शनिवारी तुम्ही मागच्या अंगणात होतात. ट्यूब निसटली आणि जळक्या टोप्या टेबलभर घरंगळल्या, काही थेट नव्या टोप्यांच्या ताटलीत. मैत्रीण मॅजेस्टिकला मॅटिनीच्या रांगेत उभी राहणार होती आणि माझा सगळा जीव तिकडे. झाडायला कोण बसतंय! दिसल्या तेवढ्या वेचल्या, ताटली पुढे ओढली आणि हात चालवत राहिले. तुम्ही येऊन भरलेल्या काडतुसांचा खोका जवळ घेतलात.

"अण्णा, बघितलंय मी. एकूण एक."

"नक्की?"

"म्हणजे काय? माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

"सरी, बरं," म्हणालात, आणि अंगठा न फिरवताच खोका बंद केलात. बघितलं कुठे होतं मी! पिक्चर तरी धड पाहिला का, तेही आठवत नाही.

पंधरा दिवसांनी निरोप आला. कोडगूच्या मळ्यात रानडुक्कर अंगावर आलं, मालकांचा पहिला बार ओझरता लागला, दुसऱ्याला नुसता खट् आवाज. डुकराने मांडी फाडली. त्यांना बेंगळूरला आणलं होतं. आपण दोघं बसने इस्पितळात जातो. त्यांची बायको व्हरांड्यात उभी आहे, ती पदराच्या गाठीतून ते काडतूस काढून तुमच्या हातावर ठेवते. तुम्ही बुडावरून अंगठा फिरवता. एकदा, पुन्हा एकदा. मग माझ्याकडे बघता. मी भिंतीकडे बघते.

"तप्पु नंदे अम्मा," तुम्ही तिला म्हणता. चूक माझीच. "जळकी टोपी बसवली गेली. अंगठ्याला कळलं नाही."

ती बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या भरवशावर जंगलात शिरतात हो ही माणसं." तुम्ही हात जोडून उभे. मी, अण्णा, तुमच्या पाठीमागे उभी, आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही. परतीच्या बसमध्ये वाटत राहिलं, आता विचारतील, आता एक ठेवून देतील. तुम्ही तिकीट दुमडत बसलात. घरी आलो तरी तुम्ही विचारलं नाहीत. आईलाही तुम्ही तेच सांगितलंत, अंगठा चुकला म्हणून. तुम्हाला सगळं कळलं होतं, हे मला कळलं होतं, आणि त्याच छपराखाली मी पुढे चार वर्षं जेवले, हसले, झोपले. लाज कशी वाटली नाही? वाटत होती हो. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

ते गृहस्थ वाचले, लंगडत का होईना चालायला लागले. तुम्ही मात्र परवाना परत केलात. "ज्याचा अंगठा चुकतो त्याने हे काम करू नये," असं येईल त्याला सांगायचात, अगदी हसून. ते ऐकलं की मी उठून आत जायची. आजही कुणी "नक्की?" म्हणून विचारलं की मला जागेवर बसवत नाही.

पाकीट आणलेलं नाही, आणि हे मुलांनाही दाखवणार नाही. एकच राहिलं. प्रेस भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवली त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, आणि मी स्वयंपाकघरात रडत होते. आईला वाटलं, पोरीला बापाचं दुःख बघवत नाही. अण्णा, मला सुटल्यासारखं वाटलं होतं, म्हणून रडत होते.