घेराचा पाव

कोल्हापूर,
रविवार, दि. १९ जानेवारी १९९७. सकाळचे सव्वासात. लाकडाच्या वखारीला सुट्टी आहे. खोलीवर दहावीचे भूमितीचे जुने पुस्तक उघडून बसलो आहे.

तीर्थरूप सौ. रत्नाक्का हिस,
शशिधरचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र गुरुवारी पोचले. पवित्रा सराव परीक्षेत भूमितीत नापास झाली आणि आता पुस्तकच उघडत नाही, हे वाचून जेवण गेले नाही. दिवाळीत मी आठ दिवस शिकवून गेलो, मग असे कसे झाले, असे तू विचारलेस. आक्का, ते माझ्यामुळेच झाले.

तू उतरवून पाठवलेले गणित तपासले. वृत्तचितीच्या तळाचा परीघ ४४, उंची १०, घनफळ काढा. तिने १२१० लिहिले. उत्तर १५४० आहे. १२१० माझे. वखारीत ओंडक्याला फीत गुंडाळून घेर घेतात, घेराचा पाव काढतात, पावाला पावाने गुणतात, मग लांबीने. सहा वर्षे मी तेच करतो. मला वाटले, पुस्तकातले सूत्र लांबचे, हे जवळचे. काल मालकांना विचारले तर हसून म्हणाले, "साल आन् कापातला भुसा वजा जातोय त्यात. लाकडाचं हाय ते, शाळंचं न्हाय."

हे सूत्र कुठले, असे बाईंनी विचारल्यावर पवित्रा उभी राहून म्हणाली की माझे मामा दहावीला पहिल्या वर्गात पास आहेत, ते चुकणार नाहीत. मुली हसल्या. तुझ्या पत्रातली ती ओळ मला दुसऱ्यांदा वाचवली नाही.

आक्का, मी पास नाही. १९९० साली गणितात मला दीडशेपैकी एकेचाळीस गुण होते. आप्पांनी विचारले तेव्हा तोंडातून 'पास' निघाले. त्यांनी गल्लीत पेढे वाटले आणि मला मागे फिरता आले नाही. हरवले म्हणालो ते गुणपत्रक ट्रंकेत होते, सोबत पाठवतो. पवित्राला दाखव. मामाने शिकवलेले सगळे खोड आणि बाईंचे ऐक, असे तिला सांग. मार्चची परीक्षा जवळ आली आहे. दाजींना सांगायचे का, ते तू ठरव.

राग जाईल तेव्हा जाईल, तोवर मला भावांत मोजत राहा.
तुझा,
शशिधर


गडहिंग्लज,
२८ जानेवारी १९९७

ती. शशीमामांस,
पवित्राचा सा. न. वि. वि.

आईने पत्र मला वाचायला दिले. ती रडली, मग म्हणाली की खुळं सात वर्षं पोटात ठेवून बसलं. बाबांना मीच सांगितले. त्यांनी गुणपत्रक चष्मा लावून बघितले आणि मराठीत बरे गुण आहेत की, एवढेच म्हणाले.

मला राग आहे. सूत्राचा नाही, वर्गात मी तुमच्यासाठी भांडले त्याचा. काल बाईंना जाऊन सांगितले की माझे मामा नापास आहेत. मग घरी येऊन पुस्तक उघडले. परिघावरून आधी त्रिज्या, ७. मग २२/७ × ७ × ७ × १०. पंधराशे चाळीस बरोबर आले.

मागे पाच गणिते लिहिली आहेत. सोडवून पाठवा. पायऱ्या नसतील तर गुण नाहीत.

रागावलेली असले तरी तुमचीच,
पवित्रा


कोल्हापूर,
२ फेब्रुवारी १९९७

चि. पवित्रास अनेक आशीर्वाद.

चार गणिते पायऱ्यांसह सोबत आहेत. तिसऱ्यात व्यास दिला होता, मी तोच त्रिज्या धरून बसलो. खाडाखोड दिसेल, तशीच ठेवली आहे. वखारीत जेवणाच्या सुट्टीत करत होतो. मालकांनी काय चाललंय विचारले. दहावीचे गणित राहिले आहे, भाचीकडे शिकतो, असे मी सगळ्यांसमोर सांगितले. हमाल थोडे हसले, मग डबे उघडले.

पाचवे मला आले नाही. शेजारच्या खोलीतल्या कॉलेजच्या मुलाने दोन मिनिटांत करून दिले असते. त्याच्या दारापर्यंत गेलोही होतो. परत आलो आणि जागा कोरी सोडली आहे.

आक्काला व दाजींना नमस्कार. गुण काप, माया कापू नकोस.
तुझा,
शशीमामा