चाचपून भरलेल्या गोळ्या

सूनबाई,

पिशवी खाली ठेवण्याआधी हे वाच. सकाळी यांना भोवळ आली, शुद्ध हरपली. शेजारच्या काकांच्या गाडीतून नेहमीच्या दवाखान्यात नेतेय. फोनवरची नावं मला दिसत नाहीत, म्हणून जाड पेनाने लिहितेय.

काकांनी डॉक्टरांना फोन लावला, ते विचारत होते, कुठली गोळी घेतली? मला सांगता आलं नाही. आठवड्याची डबी वर्षभर मी बोटांनी चाचपून भरते. या खेपेला प्रेशरची आणि साखरेची गोळी एकाच आकाराची निघाली. हे बिचारे माझ्या हातून डोळे मिटून घेतात. ओट्यावरची डबी आणि सगळी फोडलेली पाकिटं घेऊन लगेच ये.

मोतीबिंदू काढून घ्या, असं तू तीनदा म्हणालीस. ‘पोथी दिसते की!’ म्हणत मी तुला गप्प केलं. पोथी दिसत नाही गं. अध्याय पाठ आहे, पानं नुसती उलटते. ऑपरेशननंतर वाचन बंद, रोजचा नेम मोडेल, म्हणून देवासमोर बसून खोटं वागले.

आज अध्याय राहिलाच. ऑपरेशनची तारीख तूच घे, मी नाही म्हणणार नाही. येताना पोथीही आण. यांच्या उशाशी तू वाच, मी ऐकेन.

आई