वायर काढल्यावर

मंगळवार, संध्याकाळ. म्हैसूर.

दादाचं पुन्हा तेच. "अय्यो, सुम्ने, उगाच कशाला डोकं फोडतेस? ठशांचे फोटो एआय कंपनीकडे पाठव. त्यांचा एआय एजंट गिऱ्हाइकांना उत्तरं देईल."

नाही पाठवणार. आजोबांनी साड्यांच्या छपाईचे हे ठसे शेजाऱ्यालाही दाखवले नाहीत. मी परक्याच्या यंत्रात भरू?

म्हणून तसाच एजंट घरच्याच कॉम्प्युटरवर बसवला, ठशांचे फोटो त्यालाच दिले. दोनदा बंद पडला. कॉम्प्युटरचा पंखा गिरणीसारखा घरघरतो. दादा म्हणाला, "पीठ कधी पडणार?"

हट्टी आहे का मी? असेन.

इंटरनेटची वायर काढली, म्हणजे काहीच बाहेर जायला नको. गिऱ्हाइकाने पाठवलेला जुन्या साडीचा फोटो एजंटला दिला. पंखा घरघरत राहिला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: कोयरीचा ठसा, आपल्याकडे आहे, छापून मिळेल.

वायर जोडलेलीच असेल म्हणून दादा वाकून बघायला गेला. ती माझ्या हातात होती.