चपला रेषेत लावणारी नात

अहो,

मी ठणठणीत आहे, लेक-जावईही मजेत. गोळ्या वेळेवर घेताय ना?

नातीला ऑटिझम आहे, हे डॉक्टरांचं म्हणणं मला मान्य आहे. संशय आहे तो तिच्या समुपदेशक बाईंचा. पोरीचं सगळंच त्यांच्या वहीत उतरवतात. चपला भिंतीलगत एका रेषेत लावते, लक्षण. बाईंना तोंडावर म्हणाली, "तुमचं हसू खोटं आहे," तर तेही लक्षण! मी म्हटलं, "खोटं तर मलाही वाटलं. माझंही नाव लिहा." बाईंनी खरंच पेन उचललं हो!

घरात आणखी कोणी असं आहे का, असंही विचारलं. मी साफ नाही म्हटलं. तुमच्या चपला अजून फरशीच्या रेषेवरच असतात ना?

काल वेणी घालताना पोरगी म्हणाली, "आजी, ऑटिझम काढून टाकला तर मी किती उरेन?"

जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण मला उत्तर आलं नाही. तुम्हीच तिला लिहा. उगाच गोड लिहू नका; खोटं तिला लगेच कळतं.

तुमच्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
तुमची तोंडाळ बायको