इंजिनाचा घसा

४ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. तांत्रिक नोंदी राहाव्यात, एवढाच हेतू. विषय: बाबांचा छोट्या आगगाडीचा लेआउट. मागच्या खोलीत मोठ्या टेबलावर बाबांनी बारा वर्षांपूर्वी स्वतः उभारलेला. रूळ, पूल, बोगदा, फाटक, सगळं हातचं काम. कडेला आवाजाची चार बटणं: शिट्टी, स्टेशनची घंटा, फाटकाची टिणटिण आणि घोषणा. चारही बंद.
कारण: जुनं मटेरियल. शनिवारी मी बटणांत शिवणयंत्राचं तेल सोडलं होतं, जरा अडखळत होती म्हणून. पण त्याचा याच्याशी संबंध नाही. तेलाने यंत्र बिघडल्याचं कोणी ऐकलंय?
बाबांना आता जवळजवळ दिसत नाही. आवाजावरच त्यांची गाडी चालायची. शनिवारपासून खोलीत आलेलेच नाहीत, बाल्कनीत बसून असतात. विचारलं तर म्हणाले, मुकी गाडी काय नि छताचा पंखा काय, सारखंच. मला ते बघवत नाही.
संकल्प: दोन दिवसांत काम फत्ते.

६ मार्च, बुधवार
बटणांची पेटी उघडली. आत वायरींचा नुसता गुंता. पण मी पद्धतशीर माणूस. सोडवण्यापूर्वी प्रत्येक वायरीला टेपची खूण केली. घरात काळी टेप होती, म्हणून सगळ्यांना काळी.
बायको म्हणाली, अहो, इलेक्ट्रिशियनला बोलवा. तिला समजावलं की हे नाजूक काम आहे, पंखे-गिझरवाल्यांचं नाही. ती काही बोलली नाही. पटलं असावं.

७ मार्च, गुरुवार
वायरी परत जोडल्या. निष्कर्ष: शिट्टीचं बटण दाबलं की स्टेशनचे दिवे जातात. फाटकाचं दाबलं की गाडी उलटी धावते. म्हणजे वीज पोचते आहे. मोठी प्रगती.
बाबांनी बाल्कनीतून विचारलं, कुठवर आलं रे? म्हटलं, नव्वद टक्के.

१० मार्च, रविवार
वायरींना डाग देण्याचं यंत्र, म्हणजे सोल्डरिंगचं, ऑफिसातल्या एकाकडून मागून आणलं. वायरीला डाग बसण्याआधी थर्मोकोलच्या डोंगराला बसला. बोगद्याला आता तीन तोंडं आहेत. हवा खेळती राहील.
बायको पुन्हा इलेक्ट्रिशियन म्हणाली. मी जरा चढ्या आवाजात बोललो. रात्रीचं जेवण शांततेत झालं. फारच शांततेत.

१३ मार्च, बुधवार
मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यातल्या गृहस्थाची भाषा कळत नाही, पण हात बोलके आहेत. चार वेळा पाहिला. पाचव्यांदा पाहताना डोळा लागला.
येत्या रविवारी बाबांचे दोन मित्र लेआउट बघायला येणार आहेत. कापडाचं दुकान होतं ते काका आणि रिटायर्ड हेडमास्तर. हे महिन्यापूर्वीच ठरलंय. बाबा आज म्हणाले, त्यांना नको म्हणून कळवून टाक, मुकी गाडी काय दाखवायची? आवाज अगदी बारीक झाला होता त्यांचा. मी म्हटलं, बाबा, रविवारी पाच वाजता शिट्टी वाजणार. शब्द दिला.
आता माघार नाही.

१६ मार्च, शनिवार
आज सुट्टी टाकून सकाळपासून बसलो. सद्यस्थिती: कुठलंही बटण दाबलं तरी काहीही होत नाही. दिवेही जात नाहीत, गाडी तेवढी सरळ धावते. एका दृष्टीने पेटी आता स्थिर आहे.
दुपारी बायकोला न सांगता इलेक्ट्रिशियनला फोन केला. सोमवारी येतो म्हणाला. ही माणसं अशीच.
संध्याकाळी मार्ग सुचला. टेबलाला जमिनीपर्यंत जुना पडदा लावलेला आहे. खाली सूटकेस असतात. त्या काढल्या की माणूस मावतो. बाबा बटण दाबतील, आवाज मी काढीन. बायको शेजारी उभी राहून पायाने टकटक करेल. एकदा शिट्टी, दोनदा घंटा, तीनदा फाटक, आणि पाय आपटला की घोषणा. बायको म्हणाली, पाय देईन, तोंडाने खोटं बोलणार नाही. घोषणा बाईच्या आवाजात आहे, ती तरी कर म्हटलं, तर उठून आत गेली.
बाथरूममध्ये तालीम केली. वरच्या मजल्यावरच्या बाई घाबरून विचारायला आल्या, कोणी पडलं का?

१७ मार्च, रविवार
अभूतपूर्व यश!
पाच वाजता टेबलाखाली. पहिली शिट्टी झकास. खालून गाडी दिसत नव्हती, म्हणून डोक्यावरच्या घरघरीच्या मागे मागे रांगत राहिलो. बोगदा, पूल, फाटक, पुन्हा बोगदा. मध्येच बायकोला डास चावला आणि तिने पाय झाडला, तेव्हा भर बोगद्यात घोषणा द्यावी लागली. बारीक आवाज ठीक जमला. पुलाखाली धूळ फार होती. शिंक आली, पण ती इंजिनाच्या वाफेचा आवाज म्हणून खपून गेली.
कापडवाल्या काकांनी विचारलं, इंजिन घरचंच का? बाबा म्हणाले, अगदी घरचं, बेचाळीस वर्षांचं. बाबांचा हिशेब चुकला. बारा वर्षं. बेचाळीस माझं वय. पण दुरुस्त करायला मी तिथे नव्हतो.
मंडळी चहाला बाहेर गेली तेव्हा निघालो, कपडे झटकले, आणि बाहेरून आल्यासारखा आलो. हेडमास्तरांनी जाताना पाठीवर हात ठेवून सांगितलं, गरम पाण्याच्या गुळण्या करत जा. चांगला माणूस. हवा बदलतेच आहे सध्या.
कोणाला संशयसुद्धा आला नाही. बाबा पूर्ण वेळ खोलीत होते आणि हसत होते. किती दिवसांनी!

१८ मार्च, सोमवार
गुडघे सुजलेत. ऑफिसला दांडी.
सकाळी बाबांनी जवळ बोलावलं. म्हणाले, अरे, तुझी शिंक मी बेचाळीस वर्षं ऐकतोय. मग म्हणाले, शिवणयंत्राच्या तेलाचा वासही मला त्याच दिवशी आला होता. मी खाली बघत राहिलो. त्यांना ते दिसत नाही, हेही विसरलो.
माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं. म्हणाले, स्पीकर कोपऱ्यात कपाटामागे आहे. डोळे गेल्यापासून गाडी बोगद्यात असो की पुलावर, शिट्टी आपली कपाटामागून. काल शिट्टी गाडीबरोबर फिरत होती. मला बोगदा दिसला, पूल दिसला, माझं फाटक दिसलं.
दुपारी इलेक्ट्रिशियन आला. पेटी उघडली, माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. विचारलं, सगळ्या खुणा काळ्याच का? मी पाणी आणायला गेलो. चहा निवायच्या आत चारही बटणं वाजायला लागली.
बाबांनी एकेक बटण दाबून बघितलं. छान झालंय म्हणाले, पाहुण्यांसाठी राहू दे. मग गाडी सुरू केली आणि टेबलावर बोटांनी एकदा टकटक केली.
मी बायकोकडे पाहिलं. तिने टेबलाखाली आधीच चटई घालून ठेवली होती. चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि खाली गेलो.