शेवंतीला आवडलेली चाल

प्रिय श्यामकांत,

गोराईहून सुनंदाचा नमस्कार. आधी गोळी घ्या, मग वाचा.

मी ठणठणीत आहे. अबोलीच्या घोड्यांच्या तबेल्यात मच्छर सोडले तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवंतीच्या आधीच्या मालकाबद्दल. बँड आणि फटाक्यांत या घोडीला त्याने वरातीमागून वरातीत ओढलं. आता कुणी लगाम उचलला की ती थरथरते. त्यालाच एकदा लगाम घालून बँडपुढे नाचवायला हवं!

मी लगाम खांद्यावर टाकून नुसती तिच्याजवळ बसते. काही मागत नाही. परवा तिने मान खाली सोडली, लांब श्वास टाकला आणि लगाम घालून घेतला. पण फक्त माझ्याकडून. अबोली जवळ गेली की कान मागे.

"अगं, तूच श्वास रोखून जातेस, मग ती कशी सैल पडेल?" मी ओरडले.

"मावशी, तू ओरडलीस की मीच बुजते. आणि तिच्यापाशी ते काय गुणगुणतेस गं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दाढी करताना तुम्ही गुणगुणता ती चाल. तशीच बेसूर. सकाळी इथे ती कानावर पडत नाही, म्हणून माझ्याच तोंडात येऊन बसली.

आता अबोली ती शिकतेय. शेवंतीने तिला लगाम घालू दिला की मी कोल्हापूरची गाडी धरते.

गुडघा कसा आहे? कढीपत्त्याला पाणी घालता ना? आणि दाढी रोज करा, मोठ्याने गुणगुणत. ऐकायला मी नाही म्हणून घर गप्प ठेवू नका.

तुमचीच, खाडीपलीकडे अडकलेली,
सुनंदा