गाठीचं पाणी

लाडक्या दादा,

उद्या यवतमाळला माझी दुर्बिणीची तपासणी आहे. तुला आतड्याचा कॅन्सर झाला, म्हणून पाठच्या बहिणीचंही आतडं एकदा बघून घ्यायचं म्हणे. त्यासाठी आज जेवायचं नाही, नुसतं पाणी आणि ते खारट औषध. सकाळपासून उपाशी आहे आणि सकाळपासून तुझ्याशीच भांडते आहे. मनातल्या मनात किती भांडणार? म्हणून लिहायला बसले.

डॉक्टरांनी कागदावर काढलेलं ते चित्र आठवतं का रे? चांगल्या आतड्यातल्या रक्तवाहिन्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या, नीट घरं पाडलेल्या. आणि गाठीतल्या? वेड्यावाकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे मधेच संपलेल्या, जागोजागी पाझरणाऱ्या. गाठ वाढताना स्वतःसाठी अशा नव्या वाहिन्या घाईघाईने ओढून घेते, म्हणाले. मला काही धड कळलं नाही. तुझे डोळे मात्र चमकले.

दारव्ह्याकडच्या कितीतरी शेतांत ठिबकच्या नळ्या अंथरलेला माणूस तू! बाहेर आल्यावर म्हणालास, "सुनी, हे तं चोरून जोडलेलं कनेक्शन हाय. कोन्या अनाड्यानं फिटिंग केली काय मालूम!" किती हसलो आपण दवाखान्याच्या पायरीवर! वॉचमन वळून वळून बघत होता.

मला काय माहीत, तू तेव्हाच मनातल्या मनात व्हॉल्व्ह बंद करायला घेतला होतास!

ज्याच्या शेतात काम, त्याच्या बैलांपुढे तू डब्यातली भाकरी टाकायचास. घरी आलास की 'भूक नाही'. वहिनी बिचारी कधी अंबाडीची भाजी करायची, कधी गोळाभात. ताट तसंच परत जायचं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, वजन इतकं कसं उतरलं? तू केवढ्या ऐटीत सांगितलंस, "साहेब, म्या त्याचं पानीच तोडलं. गाठीले कायले पोसू?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अहो, तुम्ही उपाशी राहिलात म्हणून ती उपाशी राहत नाही. ती तुमच्या अंगातून ओढून घेते. आणि आमचं औषध त्याच वाहिन्यांतून आत जायचं आहे. एक इंजेक्शन देणार होतो. त्याने नको त्या वाहिन्या कमी होतात, उरलेल्या जरा सरळ होतात, औषध नीट पोचतं. पण सोसायला अंगात बळ नको का?" केमो पुढे ढकलली. मग तू खायला लागलास, पण अंग काही भरलं नाही.

इथेच माझं डोकं चालेनासं होतं, दादा. त्या वाहिन्या वैरी की रस्ता? तोडायच्या की सांभाळायच्या? तुझं चुकलं म्हणावं, तर डॉक्टरही त्याच छाटणार होते ना! बरोबर होतं म्हणावं, तर तू गेलास. उपासाने गेलास की गाठीने? मी विचारलं डॉक्टरांना. "सांगता येणार नाही," म्हणाले. मग मी रागावू तरी कोणावर?

एकदा विचारायचं होतंस रे! दुसऱ्याच्या शेतातल्या व्हॉल्व्हला हात लावण्याआधी मालकाला दहादा विचारणारा तू. मग इथेच कुणाला का नाही विचारलंस?

आणि वहिनी? तू डॉक्टरांना ते सांगितलंस, तेव्हा ती खाली औषधाच्या रांगेत उभी होती. जिना उतरताना तू माझा हात धरून म्हणालास, "तिले सांगू नको." मी हो म्हटलं. अजून सांगितलं नाही. काल तिचा फोन आला होता, माझी चौकशी करायला. बोलता बोलता म्हणाली, "ताई, माह्या हातालेच चव नव्हती वो. अंगात बळ होतं तवा त्यायनं माह्या हातचं काही खाल्लंच नाही." मी विषय बदलून फोन ठेवला. भीती उद्याची वाटते की या गोष्टीची, तेही मला नीट सांगता येत नाही.

पण एक ठरवलंय. तपासणी झाली की सरळ दारव्ह्याची गाडी धरीन. आत काहीही निघो. वहिनीच्या पुढ्यात बसून ती वाढेल ते पोटभर जेवीन. आणि मग तिला सांगीन, तिची भाकरी तू का परत पाठवायचास ते. तुला दिलेला शब्द मी मोडणार आहे, दादा. रागवायचं तर खुशाल रागव.

तुझी भांडकुदळ,
सुनी